आत्याच्या ट्रंकेतलं मेडल

गोष्ट आमच्या बेळगावची, त्यातही शहापूरची आहे. थोडी लांबेल, पण सवडीनं वाचा. आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशी एखादी वस्तू ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते आणि तिच्याबद्दल घरात एक गोष्टही ठरून गेलेली असते. वस्तू खरी असते. गोष्ट खरी असेलच असं नाही.

गेल्या वर्षी आमची आत्या गेली. तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली. वर दोन इरकली लुगडी, खाली बँकेची जुनी पासबुकं, त्याखाली देवाचे टाक, आणि टाकांच्या शेजारी फडक्यात बांधलेलं चांदीचं एक मेडल. रुपयापेक्षा थोडं मोठं. फीत कसरीनं खाल्लेली, नुसते धागे राहिलेले. एका बाजूला राजाचं डोकं. आत्या दर दिवाळीला टाकांबरोबर तेही रांगोळीनं घासून काढायची, त्यामुळे राजाचं नाक जवळजवळ गेलेलं.

हे मेडल आमच्या आजोबांचं. आजोबा इंग्रजांच्या पोलिसात होते एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं, तर "मुंबईला". मेडल कशाबद्दल मिळालं, हे मात्र आम्हाला आमच्या घरात कुणी सांगितलं नाही. ते आम्ही चुलत घराकडून ऐकलं.

आजोबांना एक धाकटा भाऊ. त्यांना आम्ही धाकटे आजोबा म्हणायचो. ते ४२ च्या चळवळीत पडले आणि हिंडलग्याच्या तुरुंगात गेले. पुढं सीमाप्रश्नातही ते सगळ्यात पुढं. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, तेव्हा त्यांनाही मिळाला. तो आजही त्यांच्या सोप्यात भिंतीवर आहे. दोन घरांत एक सामाईक भिंत, परड्यात एकच विहीर, पण येणंजाणं नाही. लग्नाकार्यात अक्षता टाकायला यायचे, जेवायला थांबायचे नाहीत. कारण विचारलं तर चुलत घरातली पोरं स्पष्ट सांगायची, "तुमच्या आजोबांनी ४२ ला आपल्याच लोकांवर लाठ्या चालवल्या. त्याचंच साहेबानं मेडल दिलंय."

मी दहा वर्षांचा असताना वडील गेले. आजीला असलं काही विचारायची सोय नव्हती. आजोबा स्वतःहून बोलायचे नाहीत. त्यामुळे ही गोष्ट मी खरीच धरून चाललो. शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी 'चले जाव' चा धडा आला की फळ्याकडं तोंड करून जरा जास्त वेळ लिहीत बसायचो. आता सांगायला हरकत नाही.

तर ते मेडल हातात आलं, आणि निवृत्त माणसाला वेळ काय कमी. चष्मा लावून खिडकीशी बसलो.

मागच्या बाजूला पानांचं एक वेटोळं आहे आणि त्यावर पोलिसाचा दंडुका. भोवती इंग्रजी अक्षरं. ती रांगोळीतून वाचली होती. 'कलोनियल पोलिस फोर्सेस', आणि पुढं 'फॉर लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट'. म्हणजे वसाहतींच्या पोलिस दलांसाठी, दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल.

पहिल्यांदा जीव थोडा खाली पडला. शौर्याचं नाही, लाठीमाराचं नाही, नोकरी बिनबोभाट केल्याचं मेडल आहे. पण लगेच वाटलं, चांगली वर्तणूक म्हणजे साहेबाच्या हिशेबातली चांगली. लाठी चालवणं तिच्यातच आलं की. म्हणून नाद सोडला नाही. या मेडलची माहिती काढायला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात एका शब्दानं मला अडवलं. तो शब्द म्हणजे 'कलोनियल'.

आपण इंग्रजांचं सगळंच राज्य 'वसाहत' म्हणतो. मीही शाळेत तसंच शिकवलं. पण साहेबाच्या दफ्तरात तसं नव्हतं. हिंदुस्थानचा कारभार लंडनच्या इंडिया ऑफिसकडं, त्याचा मंत्री वेगळा. केनिया, सिलोन, मॉरिशस, हाँगकाँग अशा मुलखांचा कारभार कलोनियल ऑफिसकडं, त्याचा मंत्री वेगळा. दोन खाती वेगळी, नोकऱ्या वेगळ्या, आणि मेडलंही वेगळी. हिंदुस्थानातल्या पोलिसाला मिळायचं ते किंग्ज पोलिस मेडल, जे १९०९ साली सुरू झालं, नाहीतर १९३२ पासूनचं इंडियन पोलिस मेडल. त्यावर 'इंडियन पोलिस' असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्या हातातलं दीर्घ सेवेचं मेडल १९३४ साली सुरू झालं ते कलोनियल ऑफिसच्या हाताखालच्या पोलिसांसाठी. अठरा वर्षं डाग न लागता नोकरी केलेल्या, खालच्या हुद्द्यांच्या माणसांसाठी. पंचवीस आणि तीस वर्षं भरली की त्याच फितीवर चांदीची आडवी पट्टी मिळायची. १९३८ साली कलोनियल पोलिस मेडल म्हणून आणखी एक निघालं, ते शौर्यासाठी नाहीतर विशेष कामगिरीसाठी. नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे माणसाचा घोटाळा होतो.

याचा अर्थ काय झाला? बेळगावच्या, पुण्याच्या, मुंबईच्या पोलिसाला हे मेडल मिळूच शकत नव्हतं. मग आजोबांकडं आलं कुठून? एक क्षण वाटलं, बाजारातून घेतलं की काय!

अशा मेडलच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि दलाचं नाव कोरलेलं असतं, हे तोवर मला कळलं होतं. आमच्या मेडलची कड घासून गुळगुळीत. शहापूरला ओळखीच्या सोनाराकडं गेलो. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, बॅटरी तिरकी धरली, आणि मेडल बोटात फिरवत बसला. नंबरातले दोन आकडे निघाले. आमच्या आडनावाची पहिली चार अक्षरं निघाली, तिथं मला भरून आलं. मग म्हणाला, "मास्तर, पुढं चार अक्षरं आहेत. ए, डी, ई, एन. ह्यांचं दुसरं नाव काय होतं काय?"

मी म्हटलं, "अडेन? असलं कसलं नाव असंल."

तो म्हणाला, "मग गावाचं असणार बघा."

गावाचंच होतं. एडन.

घरी येताना रिक्षात बसलो नाही. गोवावेसपर्यंत चालत गेलो. एडन म्हटलं की मराठी माणसाला एकच आठवतं, वासुदेव बळवंत फडके. त्यांना तिथंच ठेवलं होतं. तुरुंगातून एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये तिथंच गेले. लहानपणापासून हे पाठ आहे. पण शिरढोणच्या माणसाला न्यायला एवढ्या लांबचं एडनच का, हा प्रश्न मला चौतीस वर्षांत पडला नव्हता, आणि एकाही पोरानं विचारला नव्हता.

उत्तर सोपं आहे. एडन मुंबईचंच होतं. १८३९ साली इंग्रजांनी ते बंदर घेतलं आणि मुंबई सरकारच्या ताब्यात दिलं. बोटींना कोळसा भरायला जागा हवी होती. पुढं १८६९ ला सुवेझचा कालवा झाला आणि त्या कोळशाच्या बंदराचं नशीब फळफळलं. कारभार मुंबईचा, कायदे इकडचे, चलन रुपया-आणे, तिकिटं हिंदुस्थानची, तिथल्या कोर्टावरचं अपील मुंबई हायकोर्टात. मुंबईहून बोटीनं पाच-सहा दिवस. कागदावर बघितलं तर बेळगाव आणि एडन ही एकाच इलाख्यातली दोन गावं.

हे १९३२ पर्यंत. त्या साली एडन मुंबईकडून काढून थेट दिल्लीच्या सरकारकडं दिलं. आणि १ एप्रिल १९३७ ला हिंदुस्थानपासूनच तोडलं, कलोनियल ऑफिसकडं दिलं. ब्रह्मदेशही त्याच दिवशी वेगळा झाला. म्हणजे एडनच्या नाक्यावर उभा असलेला शिपाई जागचा हललासुद्धा नाही, आणि पाच वर्षांत त्याचं सरकार मुंबईवरून दिल्लीला आणि दिल्लीवरून लंडनला गेलं.

आपल्या बेळगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण झोपेतून उठलो तेव्हा घर तेच, विहीर तीच, फक्त मुंबई राज्य जाऊन म्हैसूर राज्य आलं होतं. आजोबांवर हा प्रसंग तोवर तिसऱ्यांदा आला होता. शहापूर तर आधी सांगली संस्थानात, तो विलीनीकरणाचा हिशेब धरला तर चौथ्यांदा. तरी ते कधी बोलले नाहीत. चुलत घरातले म्हणायचे, ह्यांना सीमाप्रश्नाचं काही पडलेलं नाही. आता वाटतं, सवय झाली असेल, किंवा कंटाळा आला असेल. मला ठाऊक नाही.

आता तारखांचा हिशेब. मास्तर माणूस, फळ्यावर मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मेडलवरचा राजा सहावा जॉर्ज. त्याच्या भोवतीच्या लॅटिन अक्षरांत 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी आहे. ती पदवी १९४८ साली राजानं सोडली आणि त्यानंतरच्या मेडलांवरून ती गेली. म्हणजे हा शिक्का त्याच सुमाराचा किंवा त्याआधीचा. अठरा वर्षं मागं मोजा. आजोबा एडनला लागले ते १९३० च्या आसपास किंवा त्याआधी. आणि १९३७ च्या आधीची नोकरी धरली गेली असणार, हेही राजाचं डोकंच सांगतं. कारण १९३७ पासून नव्यानं मोजली असती तर अठरा वर्षं भरायला १९५५ उजाडलं असतं, आणि तोवर हा राजा जाऊन राणीचं डोकं आलेलं होतं.

१९३० ला एडन कुणाचं? मुंबई सरकारचं. म्हणजे पणजी जे शेजारीपाजारी सांगायची, "थोरला मुंबईच्या पोलिसात आहे", ते खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं. समुद्र ओलांडला म्हटलं तर घरातल्या पोरींची लग्नं अडली असती, म्हणून ती मुंबईवर थांबायची. तीच सवय आजीला लागली, आणि पुढं आत्याच्या तोंडीही तेच. आत्या तर आजोबा परत आल्यानंतरची, तिला दुसरं काही कळण्याचं कारण नव्हतं.

एवढं कळल्यावर घरातल्या जुन्या गोष्टी एकेक करून जागेवर बसायला लागल्या. दोनच सांगतो.

आजोबांना आम्ही पोरं रेंगाळलेली खपायची नाहीत. शाळेला उशीर झाला की काठी जमिनीवर आपटत म्हणायचे, "यल्ला, यल्ला!" आमची आजी सौंदत्तीच्या यल्लम्माची मोठी भक्त. आजोबांनी असं म्हटलं की ती हातातलं काम टाकून हात जोडायची. आम्ही समजायचो, आजोबा तापट असले तरी देवभोळे आहेत. तो अरबी शब्द आहे, 'चला, आटपा'. आजीला ठाऊक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. ठाऊक असूनही हात जोडत असेल, तशी ती होती.

दुसरी गोष्ट त्यांच्या किटलीची. आजोबा चहा घ्यायचे नाहीत. कुणीतरी कोडगूकडून त्यांना कॉफीच्या फळांची वाळलेली टरफलं आणून द्यायचं. ती टरफलं आणि ठेचलेलं आलं पाण्यात उकळून, साखर घालून, ते काचेच्या पेल्यातून प्यायचे. वास चांगला, रंग चहासारखा, चव आम्हा पोरांना आवडायची नाही. शेजारचे म्हणायचे, म्हातारा चिक्कू, कॉफीसुद्धा टरफलांची पितो. येमेनमध्ये ते घरोघरचं पेय आहे, त्याला किशर म्हणतात. हा माणूस वीसेक वर्षं आमच्यात बसून दुसऱ्याच गावची चव घोटघोट घेत होता, आणि आम्ही त्याला चिक्कू म्हणत होतो.

पण चव म्हणजे पुरावा नव्हे. मुंबईला गेलो, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र सरकारचं पुराभिलेखागार आहे, तिथं बसलो. एडनच्या कारभाराची जुनी बाडं तिथं आहेत. साहेबांची पत्रं, पाण्याची टंचाई, किल्ल्याची डागडुजी, आसपासच्या सुलतानांशी झालेले व्यवहार. भाचीचा मुलगा लंडनला असतो, त्यानं तिथल्या ब्रिटिश लायब्ररीतल्या एडनच्या दफ्तराच्या याद्या बघितल्या. लंडन गॅझेटमध्ये नाव शोधलं, पण दीर्घ सेवेची मेडलं तिथं सहसा छापत नसत. आजोबा कुठंही सापडले नाहीत. शिपाईगड्याचं नाव साहेबाच्या कागदात दोनदाच यायचं, एक तर मेला तर, नाहीतर गुन्हा केला तर. आजोबांनी अठरा वर्षं यांतलं काहीच केलं नाही, म्हणून तर मेडल मिळालं.

मग पुरावा मिळाला तो माझ्याच कपाटात.

मी आठ वर्षांचा असताना मला पोस्टाची तिकिटं जमवायचं वेड लागलं होतं. आजीनं देवघरातल्या डब्यातून पत्रांचा एक गठ्ठा काढला आणि म्हणाली, ह्यावरची घे. मी कात्री घेऊन बसलो. पाकिटांचे कोपरे कापले, तिकिटं वहीत चिकटवली, आणि उरलेली पाकिटं पत्रांसकट आजीनं बंबात घातली. आजोबांनी घरी लिहिलेली सगळी पत्रं. मी विचारलं होतं, ही कुठली तिकिटं? एकावर शिडाच्या गलबताचं चित्र होतं. आजी म्हणाली, "बोटीची आहेत, बघ की." मी वहीत वर लिहून टाकलं, 'बोटीची तिकिटं'. माझं ते अक्षर अजून तसंच आहे.

ती वही काढली. गलबताचं चित्र आणि त्यावर एडनचं नाव. १ एप्रिल १९३७ ला एडन वेगळं झालं तेव्हा त्यांची स्वतःची पहिली तिकिटं निघाली, त्यांवर हेच गलबत होतं. किंमत मात्र आण्यातच. पुढच्या पानावर राजाचं डोकं असलेली नंतरची तिकिटं. त्यांतल्या एका कोपऱ्याबरोबर मी पाकिटाचा जरा जास्तच तुकडा कापला होता. त्यावर आजोबांच्या वळणाच्या अक्षरांत '...पूर, सं. सांगली' एवढं आहे. आणि तिकिटावर पोस्टाचा गोल शिक्का. महिना पुसटलेला. वर्ष स्वच्छ, ४२.

आठ वर्षांच्या पोरानं सगळं जाळलं आणि हा एक चतकोर राखून ठेवला. हसावं की डोकं बडवावं, कळेना.

माझं म्हणणं तपासून बघा. मेडल एडनचं. त्यासाठी लागणारी अठरा वर्षं ४२ ला पोटात घेणारी. त्याच वर्षाचं, आजोबांच्या हातचं पाकीट एडनच्या तिकिटाचं. महायुद्ध चालू, तेव्हा रजा काढून बोटीनं येणंही सोपं नव्हतं. ४२ ला बेळगावात लाठी चालवणारे हात आजोबांचे नव्हते.

इथं थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मी इतिहासाचा मास्तर, आणि तुम्हीही सुजाण वाचक. लाठी बेळगावात नव्हती, पण लाठी होतीच. डिसेंबर १९४७ मध्ये, पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव झाल्यावर, एडनमध्ये ज्यू वस्तीवर हल्ले झाले. ७० हून अधिक ज्यू मारले गेले, दुकानं-घरं जळाली, अरबही मेले. पोलिसांना ते आवरलं नाही. आजोबा त्या वेळी तिथं नोकरीत असणार. ते कुठल्या गल्लीत उभे होते, त्यांनी कुणाला वाचवलं, कुणाला मारलं, की दार लावून बसले, हे सांगणारी पत्रं बंबात गेली. मला एवढंच आठवतं, की शहापुरात मिरवणूक किंवा मोर्चा यायला लागला, लांबून नुसता गलका ऐकू आला, तरी ते उठून घराची सगळी दारं-खिडक्या स्वतः लावायचे आणि अंधारात बसायचे. लोक म्हणायचे, मोर्चाला घाबरतोय, साहेबाचा पोलिस. मीही तसंच म्हणायचो.

चांगल्या वर्तणुकीचं मेडल म्हणजे काय, ह्याचं उत्तर एडनमधल्या एखाद्या घरात कुणी वेगळं देईल. ते मला मान्य आहे.

हे सगळं घेऊन मी चुलत घरी गेलो. मेडल, तिकिटांची वही, आणि फळ्यावरचा हिशेब कागदावर उतरवून. चुलतभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आम्ही एका शाळेत होतो, पण त्याच्या सोप्यात मी बसलो तो आयुष्यात बहुतेक चौथ्या-पाचव्यांदा. ताम्रपटाच्या खालीच बसलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. शिक्का भिंगातून बघितला. मग म्हणाला, "४२ चं नाही म्हणतोस. बरं, पटलं. पण पोलिसच की रे."

मी म्हटलं, "पोलिसच."

मग मी विचारलं, "धाकटे आजोबा स्वतः कधी म्हणाले होते काय, की ह्यांनी लाठी चालवली?"

तो बराच वेळ आठवत राहिला. म्हणाला, "नाही. ते एवढंच म्हणायचे, मी पत्र घातलं होतं, राजीनामा टाक म्हणून. त्यानं टाकला नाही. पुढचं आमच्या बाबा-काकांनी लावलं असणार."

मी पुढचं बोललो नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं. धाकटे आजोबा हिंडलग्यात होते तेव्हा घर एकत्र होतं. पणजी, दोन सुना, पोरं. तुरुंगातल्या माणसाला पगार नसतो. चूल कुठल्या मनीऑर्डरीवर पेटत होती, हे दोन्ही भावांना ठाऊक होतं. एकानं राजीनामा दिला नाही ह्याचं ते कारण असेल, आणि दुसऱ्यानं आयुष्यभर तोंड उघडलं नाही ह्याचंही. की नसेलही. कागद नाही, म्हणून मी ते ठामपणे सांगत नाही.

चहा आला. भावानं पेला हातात घेतला आणि एकदम म्हणाला, "तुझे आजोबा ते टरफलांचं काय प्यायचे रे?"

मी किशरचं सांगितलं.

"आमचे आजोबा शेवटी अंथरुणावर होते ना, तेव्हा तुझी आत्या रोज संध्याकाळी मागच्या दारानं एक किटली आणून ठेवायची. बोलायची काही नाही. आम्हाला वाटायचं, कुठलं तरी औषध आहे. आजोबा दुसरं काही घ्यायचे नाहीत, ते मात्र सगळं संपवायचे. मग म्हणायचे, किटली धुऊन विहिरीवर ठेवा, त्याची आहे."

त्या वर्षी मी कॉलेजला कोल्हापुरात होतो. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आत्यानंही कधी सांगितलं नाही. ती किटली अजून आमच्या माळ्यावर आहे.

निघताना भावानं मेडल पुन्हा मागून घेतलं आणि उलटसुलट बघितलं. म्हणाला, "ह्याचा एक फोटो काढून दे मला. घरात ठेवतो." कुठं ठेवणार ते मी विचारलं नाही.

आता तुम्हाला सांगणं एवढंच. तुमच्याही ट्रंकेत, देवघरात, बँकेच्या लॉकरात असं काही असेल तर पहिली गोष्ट, घासू नका. रांगोळी नको, राख नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. दुसरी, समोरचा राजा बघून झाला की मागची अक्षरं वाचा आणि कडेवर तिरका उजेड धरा. माणसाचं नाव राजाच्या बाजूला नसतं, कडेवर असतं. तिसरी, घरातली ठरलेली गोष्ट एकदा तारखांशी ताडून बघा. ती सांगणाऱ्याला खोटं पाडायला नव्हे, तर सांगायचं काय राहून गेलं ते कळायला.

आणि तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा एडनला होते असतील, पोलिसात, पोस्टात, गोदीत, कुठंही, तर जरूर कळवा. गोव्यातल्या आणि कोकणातल्या मंडळींना विशेष विनंती. घरात कुणी म्हातारा उगाच 'यल्ला, यल्ला' म्हणत होता काय, तेवढं आठवून बघा.